लीड गिटारचे पद रिक्त नाही

रायपूरच्या तात्यापारा या मराठी वस्तीतल्या ‘भट्टी’ या रॉक बँडला सेवाशर्ती आहेत. बाहेरगावच्या लोकांना हे विचित्र वाटतं. तात्यापाऱ्यात वाटत नाही. तिथे ज्या घरात दोनच माणसं राहतात, तिथेही एक जण वरिष्ठ असतो आणि दुसरा त्याच्या निवृत्तीची वाट बघत असतो.

बँड निघाला तेव्हा त्यात पाच तरुण होते आणि नियम एकही नव्हता. त्यामुळे भांडणं होती. यशवंतराव कीबोर्ड वाजवत आणि वयाने थोरले म्हणून सगळ्यांना दम देत. हिरालाल गायचा, सुशील बेस गिटार वाजवायचा, भैय्यालाल ड्रम बडवायचा आणि नरहरी बक्षी लीड गिटार वाजवायचा. नरहरी फार चांगला वाजवायचा. सगळ्या भांडणांचं मूळ तेच होतं. एक जण चांगला वाजवतो असं म्हटलं की उरलेले चौघे कसे वाजवतात हा प्रश्न आपोआप उभा राहतो. पुरानी बस्तीतल्या एका गणपतीपुढे तो इतका जोरात उभा राहिला की भैय्यालालने ड्रमवरची पितळी सिंबल काढून थेट कीबोर्डवर भिरकावली.

तोडगा नरहरीनेच काढला. तो रेल्वेत आस्थापना शाखेत होता. बढत्या, बदल्या, रजा आणि ज्येष्ठतेच्या याद्या यांतच त्याचा दिवस जायचा. शाखेत कोणाचं कोणाशी पटत नाही, पण कोणी कोणाला काही फेकून मारत नाही, हे त्याच्या लक्षात आलं होतं. कोण कोणाच्या वर हे तिथे आधीच ठरलेलं असतं, आणि ते ठरवताना काम कोण चांगलं करतो हे विचारायची पद्धत नसते. नरहरीने एका रविवारी बसून ‘भट्टी’च्या सेवाशर्ती लिहून काढल्या.

ज्येष्ठता रुजू झाल्याच्या दिवसापासून धरावी. बाहेरगावी किंवा रजेवर जाणाऱ्याने स्वहस्ते अर्ज दिल्यास त्याचा जागेवरचा हक्क कायम राहील. रेल्वेत ज्याला लीन म्हणतात, तो. मृत वादकाच्या जागी त्याच्या वारसाला अनुकंपा तत्त्वावर घ्यावं. भैय्यालाल बैठकीत कधी हात वर करत नसे, नुसता हसे, म्हणून असंही लिहिलं की प्रस्ताव वाचल्यावर जो हसेल त्याची संमती धरली जाईल. आणि सगळ्यांत शेवटी, जाड अक्षरांत: ‘वादन चांगले की वाईट, हा निकष कोणत्याही कारणास्तव लावला जाणार नाही.’

हे शेवटचं कलम नरहरीने दोनदा वाचून दाखवलं. आपण केवढे उदार, असं त्याला वाटलं. सगळ्यांत चांगलं वाजवणारा तोच होता, त्यामुळे या उदारपणाची झळ आपल्याला कधी बसेल असं त्याच्या मनातही आलं नाही. भैय्यालाल हसला. ठराव मंजूर झाला.

त्यानंतर ‘भट्टी’त कधी भांडण झालं नाही. भिलाईचे दोन आणि बिलासपूरचा एक बँड याच काळात फुटले, कारण त्यांच्यातल्या कोणाकोणाला संगीतात रस होता.

याच शांततेत नरहरीने ‘काळी गच्ची’ हे गाणं रचलं. सिलतऱ्याच्या कारखान्यांची काजळी तेव्हा नुकतीच रायपूरच्या गच्च्यांवर पडायला लागली होती. एक बाई दोरीवर पांढरी चादर वाळत घालते आणि संध्याकाळी करडी चादर काढून नेते, एवढंच ते गाणं. पण मधे गिटारचा एक तुकडा होता. आधी तार नुसती कण्हायची, मग पायरी पायरी वर चढायची आणि शेवटचा सूर इतका वेळ ताणून धरायची की ऐकणारा श्वास सोडायला विसरायचा. त्या गाण्याची कॅसेट निघाली. रायपुरातल्या पानठेल्यांवर ती वाजली, आणि रायपुरात याहून मोठा सन्मान तेव्हा नव्हता.

मग वर्षं गेली आणि सेवाशर्ती लागू होत राहिल्या.

हिरालालला कोरब्याला नोकरी लागली. त्याने जाताना माइकवर लीन ठेवली. गायकाचं पद त्यामुळे रिकामं झालं नाही आणि सुशील प्रभारी गायक झाला. पुढे वीसेक वर्षं प्रत्येक कार्यक्रमात निवेदक त्याची ओळख ‘प्रभारी गायक’ अशीच करून देई. सुशीलही पूर्ण आवाज लावत नसे. उद्या हिरालाल परत आला तर लावलेला आवाज कोण भरून देणार, असं तो म्हणे.

भैय्यालाल हृदयविकाराने गेला. तेराव्याला यशवंतराव आणि नरहरी त्याच्या घरी गेले आणि त्याच्या बायकोला, शर्मिष्ठावहिनींना, नियुक्तीची बातमी दिली.

“पण भाऊजी, मले ड्रम वाजवता येत नाही,” वहिनी म्हणाल्या.

“येण्याचा प्रश्न नाही वहिनी,” नरहरी समजावून म्हणाला. “पद आहे.”

वहिनींनी भैय्यालालच्या फोटोकडे पाहिलं आणि “हव” म्हणून होकार दिला. तेव्हापासून त्या पदर खोचून ड्रमच्या मागे बसू लागल्या. काड्या मांडीवर आडव्या ठेवत. ठोका यशवंतरावांच्या कीबोर्डमधल्या बटणातून येई.

नरहरीच्या बाबतीतही एक किरकोळ प्रकार घडला होता. एका गणपतीच्या आधी तो स्कूटरवरून पडला आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. एका कार्यक्रमापुरता रामकृष्ण नावाच्या ओळखीच्या मास्तरांना उभं केलं. रामकृष्णांना गिटारचे चार स्वर येत, ते त्यांनी वाजवले. पण लीनचा अर्ज स्वहस्ते करायचा असतो, आणि नरहरीचा हात प्लास्टरमध्ये होता. त्यामुळे त्याच्या सेवेत खंड पडला, रामकृष्ण लीड गिटारवर रुजू झाले, आणि हात बरा होऊन परतलेला नरहरी ‘अतिरिक्त सहायक गिटार’ म्हणून सगळ्यांत शेवटी लागला. रामकृष्ण पुन्हा कधी फिरकले नाहीत. न फिरकल्याने पद जातं असं मात्र सेवाशर्तींत कुठे नव्हतं. त्यामुळे लीड वाजवायचा नरहरीच, फक्त ‘प्रभारी’ म्हणून. आपल्याच नियमाने आपल्याला नमवलं याचा त्याला तेव्हा एक प्रकारचा अभिमानच वाटला होता. सच्च्या यंत्रणेची खूण हीच, असं तो शाखेत सांगे.

हळूहळू कार्यक्रम बंद पडले. मासिक बैठक मात्र कधी चुकली नाही.

यंदा शहरातल्या एका संस्थेने ‘भट्टी’ला बोलावलं. मोठं सभागृह, मोठे दिवे, आणि जाहिरातीत एकच ओळ: ‘मूळ संच, पुन्हा एकदा.’

नरहरी आता निवृत्त होता. डाव्या हाताचं एक बोट सकाळी वाकायला नाही म्हणायचं. ते कोमट पाण्यात बुडवून ठेवावं लागे. डॉक्टर म्हणाले होते, वर्षभराने दुसरंही नाही म्हणेल. त्याला एकच करायचं होतं. ‘काळी गच्ची’चा तो तुकडा एकदा भरल्या सभागृहात वाजवायचा आणि शेवटचा सूर पुरेपूर ताणायचा. त्यानंतर बोटांनी काय वाटेल ते करावं. त्याने जुनी गिटार काढली, नव्या तारा चढवल्या आणि तो रोज गच्चीवर बसू लागला. बायको, प्रेमला, काजळी लागू नये म्हणून आधी सतरंजी झटकून द्यायची. गाणं जुनं झालं होतं, काजळी ताजीच होती.

बैठक यशवंतरावांच्या घरी भरली. चहा झाल्यावर ते म्हणाले, “मूळ संच म्हणून राहिले ते लोक. तर आधी मूळ कोण, हे ठरवा लागन.”

“त्यात काय ठरवायचं,” नरहरी म्हणाला. “आपण सगळे बसूनच तर राहिलो इथं.”

“माणसं बसली आहेत, नरहरी. मी पदांबद्दल बोलून राहिलो.”

पदांचा हिशेब सोपा निघाला. माइकवर लीन हिरालालची, म्हणून तो कोरब्याहून येणार. त्याचे वरचे दात गेले होते, पण लीन शाबूत होती. ड्रमवर वहिनी. प्रभारी सगळे आपोआप प्रभारमुक्त. आणि लीड गिटारवर रामकृष्ण. रामकृष्ण दोन वर्षांपूर्वी वारले होते. म्हणजे त्यांचा मुलगा अभिनव.

 मग नरहरी हसला. ते हसू कसलं होतं ते त्यालाही सांगता आलं नसतं. कोणी पाठीमागून ढकलावं आणि माणसाने पडता पडता हसावं, तसं ते होतं.

“नरहरीची संमती,” यशवंतराव म्हणाले आणि सुशीलने नोंद केली.

“अरे, मी संमतीचं नाही हसलो.”

“कलमात हसण्याचे प्रकार नाहीत,” सुशील हळहळून म्हणाला. “तूच नाही टाकले.”

“काहून रे, त्या पोट्ट्याने आयुष्यात गिटार हातात तरी धरली का? तो बँकेत आहे.”

“तुझ्यासारखं वाजवणारा या अख्ख्या छत्तीसगडात कोणी नाही,” यशवंतराव म्हणाले, आणि ते मनापासून बोलत होते. “पण वाजवण्याचा निकष तूच ठेवला नाहीस. जाड अक्षरांत ठेवला नाहीस. आता तुझ्या एकट्यासाठी तो लावला, तर उद्या मलेही लोक विचारतील.”

यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणालाच विचारलं जायला नको होतं.

घरी प्रेमलाने ऐकून घेतलं आणि पोळी तव्यावर टाकत म्हणाली, “तुम्ही ते लिहून राहिले होते ना, तवाच मी म्हटलं होतं, चांगल्या-वाइटाचं एक वाक्य राहू द्या. तर तुम्ही म्हणाले, भांडणं होतात.”

“झाली असती ना.”

“मग होऊ द्यायची होती. भांडायला तरी वाजवणारे उरले असते.”

तालमीला अभिनव बँकेतून थेट आला. नम्र मुलगा होता. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र हिंदीत द्यायचा. त्याने गिटार गळ्यात अडकवली आणि विचारलं, “अंकल, मुझे बस खड़ा रहना है ना? पापा ने भी यही बताया था.”

तालीम सुरू झाली आणि लगेच संपली. हिरालालचे शब्द दातांच्या फटीतून निसटत होते. सुशीलला गाणं पाठ होतं, पण तो प्रभारमुक्त झाल्याने त्याला गायची मुभा नव्हती. वहिनी काड्या मांडीवर ठेवून बसल्या होत्या. अभिनव उभा होता. शेवटी यशवंतरावांनीच मार्ग काढला. जुन्या कॅसेटवरून गाणं लॅपटॉपमध्ये घ्यायचं, ते वाजू द्यायचं, आणि मंचावर प्रत्येकाने आपापल्या पदाप्रमाणे हात हलवायचे.

“पण कॅसेटवर गिटार माझी आहे,” नरहरी म्हणाला.

“मग तुझी तक्रार काय आहे? सभागृहात तूच वाजशील. फक्त तू नसशील.”

सेवाशर्तींनुसार अतिरिक्त सहायकाने वाद्य जुळवून, तारा लावून, विंगेत तत्पर उभं राहायचं असतं. हे कलमही नरहरीचंच. नरहरीने आपली सगळी आशा या एका कलमावर टाकली. माणूस आजारी पडतो, बँकेत तपासणी निघते, गाडी पंक्चर होते. कार्यक्रमाच्या दिवशी त्याने बोट दोनदा कोमट पाण्यात धरलं. प्रेमला देवापुढे काय म्हणाली ते तिने सांगितलं नाही, पण बँकेबद्दल होतं.

अभिनव वेळेच्या आधी आला. शर्ट इस्त्रीचा होता.

सभागृह भरलं होतं. पुढच्या रांगांत मुख्यतः असे लोक होते, ज्यांच्या घरी पूर्वी ती कॅसेट होती. दिवे मंदावले, गाणं सुरू झालं आणि शेकडो फोन एकदम वर आले. हिरालालने तोंड उघडलं तेव्हा त्याचा पंचविशीतला आवाज बाहेर पडला. लोक गहिवरले. कोणीतरी डोळे पुसले. विंगेत नरहरी आपली गिटार गळ्यात घालून उभा होता. वायर जोडलेली, आवाज वाढवलेला, तत्पर.

चादर वाळत घालून झाली. गिटारचा तुकडा सुरू होणार, तेवढ्यात लॅपटॉपला स्वतःत काही सुधारणा करून घ्यायची आठवण झाली आणि गाणं आतल्या आत चालू ठेवून तो गप्प झाला.

मंचावर कोणाच्या लक्षात आलं नाही. सगळे पदाप्रमाणे हात हलवत राहिले. अभिनवची बोटं तारांपासून वीतभर अंतरावर अत्यंत भावपूर्ण फिरत होती. त्या शांततेत विंगेतून एक तार कण्हली.

नरहरी ठरवून वाजवायला लागला नव्हता. पुढचा सूर यायचा होता, तो आला. जुन्यापेक्षा तुकडा सावकाश होता. बोट एका ठिकाणी अडलं, पण अडण्यातूनच पुढचा सूर काढून तो वर चढला. शर्मिष्ठावहिनींनी मान वळवून विंगेकडे पाहिलं. मग त्यांनी मांडीवरच्या काड्या उचलल्या आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ड्रमवर ठोका दिला. ठोका चुकीचा होता. दुसराही चुकीचा होता. तिसरा गिटारला जाऊन मिळाला.

सभागृहातले फोन खाली आले.

“ये क्या बजा रहे हैं?” पुढच्या रांगेतले एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले. “वैसा नहीं लग रहा.”

“लाइव लग रहा है,” शेजारी नाराजीने म्हणाला.

“अरे भैया, ओरिजिनल चलाओ ना,” मागून कोणीतरी ओरडलं आणि बऱ्याच जणांनी त्याला दुजोरा दिला.

नरहरी शेवटच्या सुरापाशी पोचला होता. तार बोटाखाली आली, त्याने ती ताणली, श्वास धरला. तेवढ्यात लॅपटॉपची सुधारणा पूर्ण झाली आणि सभागृहाच्या सगळ्या भोंग्यांतून तोच सूर घुमला, तरुण, लांब, निर्दोष. त्याखाली नरहरीची तार ऐकू येईना. ती वाजते आहे की नाही, हे त्याला स्वतःलाही कळेना. फोन पुन्हा वर आले. लोक उभे राहिले. मंचावर अभिनवने डोळे मिटून मान मागे टाकली, आणि टाळ्या त्याच्यावर पडल्या.

दुसऱ्या दिवशी संस्थेकडून तक्रार आली. श्रोत्यांना काही काळ अनधिकृत वादन ऐकावं लागलं होतं.

‘भट्टी’ची तातडीची बैठक भरली. शर्मिष्ठावहिनींना पदाच्या मर्यादेबाहेर जाऊन ड्रम वाजवल्याबद्दल समज देण्यात आली. पुन्हा असं करणार का, असं विचारल्यावर त्यांनी “माहीत नाही भाऊजी, बरं वाटलं” असं उत्तर दिलं, ते यशवंतरावांच्या सूचनेवरून नोंदवलं गेलं नाही. नरहरीला सक्तीने निवृत्त करण्यात आलं. मात्र त्याची दीर्घ सेवा आणि बोटाची अवस्था लक्षात घेऊन निवृत्ती वैद्यकीय कारणावरून दाखवली. त्यामुळे रेल्वेतल्याप्रमाणे त्याच्या जागीही वारसाला घेता येणार होतं. मुलगा दुबईत होता. नात, ईरा, बेंगळुरूला संख्याशास्त्र शिकत होती.

हे ऐकताना नरहरीचा चेहरा पडला होता. पण वारसाचं नाव निघालं तसा तो हळूहळू वर आला. जागा घरात राहणार होती. त्याने लगेच फोन लावला.

“आजोबा, मुझे गिटार नहीं आता,” ईरा म्हणाली.

“येण्याचा प्रश्न नाही, पोट्टी,” नरहरी म्हणाला. “पद आहे.”

 मग तिने विचारलं, “और आप? आप कहाँ बजाओगे?”

नरहरीने फोन दुसऱ्या कानाला लावला आणि तिकडे पाऊस पडतो का, असं विचारलं. घरी आल्यावर त्याने गिटार गवसणीत घातली. प्रेमला सतरंजी घेऊन गच्चीवर गेली होती. तिने ती झटकली, थोडा वेळ तिथे उभी राहिली आणि घडी घालून खाली आणली.

बैठकीत एक प्रश्न मात्र उरला होता. मंचावर शिस्त असली तरी समोरच्या खुर्च्यांवर नव्हती. लाइव्ह आणि ओरिजिनल यांतला फरक काहींनी ओळखला होता, म्हणजे काही श्रोते चांगलं ऐकतात, आणि एक जण चांगलं ऐकतो म्हटलं की इतर कसे ऐकतात हा प्रश्न उभा राहतो. तेव्हा श्रोत्यांनाही सेवाशर्ती लागू कराव्यात असं ठरलं. मसुदा लिहायला अनुभवी माणूस हवा होता. निवृत्त नरहरी बक्षींची मानद सल्लागार म्हणून फेरनियुक्ती झाली.

मसुदा तयार आहे. खुर्ची ज्येष्ठतेने मिळेल, गैरहजर श्रोत्याची लीन राहील, मृत श्रोत्याच्या जागी वारस टाळ्या वाजवेल. ऐकणे चांगले की वाईट, हा निकष कोणत्याही कारणास्तव लावला जाणार नाही. जो ही हकीकत वाचेल त्यालाही श्रोता समजण्यात येईल, असं एक कलम नरहरीने शेवटी घातलं आहे, आणि हरकती मागवल्या आहेत.

आपली हरकत असल्यास जरूर कळवावी. मात्र वर कुठेही आपण हसला असलात, तर आपली संमती तिथेच नोंदली गेली आहे.